जमीन घेताना सापडतो, मदत देताना हरवतो

सरकारला शेतकरी सापडत नाही, असं मला कुणी सांगू नये. बडोदा जिल्ह्यातल्या आमच्या करजण तालुक्यात तर मुळीच सांगू नये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या तालुक्यातून जातो. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्गही बडोदा-भरूचच्या याच पट्ट्यातून गेला. जमीन हवी होती तेव्हा सरकार स्वतः बांधावर आलं. मोजणीदार आले, खुंट्या ठोकल्या, सर्वे नंबर आणि पोटहिस्से तपासले, झाडं मोजली, बोअरची नोंद घेतली. गाव सोडून परदेशी स्थायिक झालेल्या सहहिस्सेदाराचाही ठावठिकाणा काढला. या कामासाठी एकाही शेतकऱ्याला अर्ज करावा लागला नाही.

दुसरं उदाहरण देशाचं. १ फेब्रुवारी २०१९ ला अर्थसंकल्पात पीएम-किसान जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारीला गोरखपूरच्या सभेतून तिचा पहिला हप्ता सुटला. एक कोटीहून जास्त शेतकऱ्यांच्या खात्यात दोन-दोन हजार रुपये. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. घोषणेपासून २३ दिवसांत एक कोटी शेतकरी नावानिशी, जमिनीनिशी, खाते क्रमांकानिशी सापडले.

आणि तरी दर कृषी महोत्सवात, दर मेळाव्यात व्यासपीठावरून आम्हाला ऐकवलं जातं की योजना भरपूर आहेत, शेतकऱ्यांतच जागरूकता नाही. हा आरोप खोटा आहे. योजना शोधण्याचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं, हा राज्यकर्त्यांनी घेतलेला निर्णय आहे. त्याची किंमत ज्याच्याकडे वेळ, फोन आणि ओळखी सगळ्यात कमी आहेत, तो मोजतो. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते पुराव्यानिशी म्हणायचं आहे.

मराठी वाचकाला करजण बहुधा नारेश्वरमुळे ठाऊक असतं. रंगावधूत महाराजांचं नारेश्वर याच तालुक्यात, नर्मदाकाठी. परिक्रमेला निघालेली कितीतरी मराठी माणसं आमच्या शिवारातून चालत जातात. मियागाम-करजण स्टेशनलाही इतिहास आहे. १८६२ साली खंडेराव गायकवाडांच्या काळात डभोई-मियागाम हा अरुंद रूळमार्ग पडला तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत असत, आणि तो मार्ग टाकण्यामागे मोठं कारण होतं कापूस. हा कानम प्रदेश. काळी, खोल जमीन, पावसात पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. आमचे पूर्वज गायकवाडीत नोकरीला आले आणि पुढच्या पिढ्या शेतीला लागल्या. घरात मराठी, बांधावर गुजराती. मी कापूस आणि तूर करतो. शेजारी अडल्यानडल्याला कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात, त्यामुळे सरकारी कागदांशी माझा संबंध स्वतःच्या सातबाऱ्यापुरता राहिलेला नाही.

आता मदत नेमकी कुठे मिळते ते पाहा. सातबारा, आठ-अ आणि हक्कपत्रकाचा उतारा ई-धरा केंद्रात. पीक पेरल्याचा दाखला तलाट्याकडे. अर्ज आय-खेडूत पोर्टलवर, आणि ते स्वतःला जमत नसेल तर ग्रामपंचायतीत संगणक चालवणाऱ्या व्हीसीईकडे. शेतीचा सल्ला ग्रामसेवकाकडे, त्याच्या वर तालुका पंचायतीतले विस्तार अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा शेतीवाडी अधिकारी बडोद्याला. केळी किंवा भाजीपाला लावला असेल तर फलोत्पादनाचं खातं निराळं. प्रशिक्षण आणि शिवारफेरी 'आत्मा' या यंत्रणेकडे. ठिबक सिंचनाचं काम गुजरात ग्रीन रेव्होल्यूशन कंपनीकडे, तिचं कार्यालय बडोद्यात फर्टिलायझरनगरला. संशोधन आणंद कृषी विद्यापीठाकडे. आणि बडोद्याचं म्हणून ओळखलं जाणारं कृषी विज्ञान केंद्र संखेडा तालुक्यात मंगल भारतीच्या गोलागामडीला. २०१३ मध्ये छोटाउदेपूर जिल्हा वेगळा झाला आणि संखेडा तिकडे गेलं, त्यामुळे करजणच्या शेतकऱ्याला 'आपल्या' केंद्रात जायचं तर जिल्हा ओलांडून जावं लागतं.

एवढी खाती असणं हा दोष नाही. दोष हा की यातलं एकही खातं दुसऱ्याच्या दाराची माहिती देणं आपलं काम मानत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या फायलीपुरता जागा असतो. शेतकऱ्याने मात्र सगळ्यांच्या फायली, सगळ्यांच्या तारखा आणि सगळ्यांच्या अटी एकट्याने डोक्यात ठेवायच्या.

तारखांची गोष्ट तर संतापजनक आहे. अनुदानाच्या घटकांसाठी पोर्टलवर अर्ज ठरावीक दिवसच घेतले जातात. ते दिवस पेरणीच्या धांदलीत आले, घरी कुणी आजारी असताना आले, तर ते वर्ष गेलं. शिवाय अवजार आधी विकत घेतलं आणि मग अर्ज केला तर अनुदान नाही. आधी पूर्वमंजुरी, मग खरेदी, तीही यादीतल्या विक्रेत्याकडून, पैसे सगळे स्वतःच्या खिशातून, आणि अनुदान नंतर. म्हणजे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ते घेता येतं. ज्याला अनुदानाची खरी गरज आहे त्याला ते मिळवण्यासाठी सावकाराकडे जावं लागतं. असा नियम करणाऱ्याने शेतकऱ्याच्या घरातला वर्षाचा हिशेब कधी पाहिलेला नसतो, किंवा पाहूनही त्याची पर्वा केलेली नसते.

माझा स्वतःचा एक अर्ज एका कार्यालयातून परत आला, कारण सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे 'राव' आहे आणि आधारवर नाही. बडोदा संस्थानातल्या मराठी घरांचे जुने उतारे काढून बघा, अर्ध्याअधिक नावांपुढे राव आढळेल. जमीन तीच, आठ-अचा खाते क्रमांक तोच, फोटो तोच, चेहरा समोर उभा. दोन्ही कागद सरकारनेच दिलेले. त्यांच्यातला फरक मिटवायची जबाबदारी मात्र माझी, प्रतिज्ञापत्र करून, खर्चही माझा. मी कागद वाचू शकतो म्हणून निभावलं. वसावा किंवा तडवी आदिवासी वस्तीतल्या म्हाताऱ्याने काय करावं?

मात्र याच तालुक्यात काही योजना अगदी सुरळीत चालतात, आणि कोणत्या चालतात ते पाहिलं की सगळं स्पष्ट होतं. ठिबक सिंचन घ्या. गुजरात ग्रीन रेव्होल्यूशन कंपनी १९९८ साली स्थापन झाली आणि २००५ पासून राज्यातलं ठिबक-तुषारचं काम तिच्यामार्फत होतं. शेतकरी पुरवठादार निवडतो, आणि पुढचे कागद, नकाशा, मोजणी, जोडणी पुरवठादार कंपनीच करून घेते. ट्रॅक्टरचंही तसंच. पोर्टल कधी उघडणार हे आमच्या आधी ट्रॅक्टरच्या शोरूममधल्या पोरांना कळतं, आणि ते स्वतः फोन करतात, 'काका, आठ-अ घेऊन या, अर्ज आम्ही भरतो.' सौर पंपाचे एजंट घरी चहाला येऊन बसतात.

आता उलट बाजू. माती तपासून घ्यायची आहे, तर कुणी फोन करत नाही. पाऊस जास्त झाला, पीक गेलं, भरपाईचा अर्ज भरायचा आहे, तर कुणी येत नाही. अपघातात घरचा कर्ता गेला, त्याच्या बायकोला विम्याचे पैसे मिळायला हवेत, तर कुणी तिच्या दारात उभं राहत नाही. ज्या योजनेच्या मागे विक्रेता उभा आहे ती शेतकऱ्याला शोधत येते. जिच्यात विकण्यासारखं काही नाही ती शेतकऱ्याने शोधायची. सरकारने विस्ताराचं काम न सांगता बाजाराकडे सोपवलं आहे, आणि बाजार स्वतःच्या फायद्यापुरताच विस्तार करतो. याचा दोष मी बाजाराला देत नाही. ज्याचं हे काम होतं त्याला देतो.

जमीन आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सूरतगडहून देशभर सुरू झाली. गुजरातेत तर तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. पत्रिकेत बारा घटक असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कल्पना उत्तम. पण नमुना प्रत्येक शेताचा घेतला जात नाही. बागायतीत अडीच हेक्टरचा एक चौकोन, कोरडवाहूत दहा हेक्टरचा एक चौकोन, आणि त्या चौकोनातला एक नमुना सगळ्यांचा. ज्याच्याकडे दोन-तीन एकर आहेत त्याच्या हाती पडलेल्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याची असू शकते. मग तो ती पत्रिका घडी घालून ठेवतो आणि डीएपी किती टाकायचं ते खताच्या दुकानात विचारतो. दुकानदार पोती मोजूनच सांगणार.

कापसाच्या बाबतीत या दुर्लक्षाने केलेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाला दाद देणं बंद केल्याचं देशात पहिल्यांदा जाहीरपणे मान्य झालं ते २०१० मध्ये, गुजरातच्याच चार जिल्ह्यांबद्दल. पुढच्या पाच-सात वर्षांत ती सगळीकडे पसरली. तिच्यावरचा उपाय शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितला आहे. हंगाम वेळेत संपवा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, कामगंध सापळे लावून पतंग मोजा आणि मोजणी मर्यादेपलीकडे गेली तरच फवारा. या उपायातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत, म्हणजेच त्या विकून कुणाला काही मिळत नाही. म्हणून दुकानात त्या कुणी सांगत नाही. दुकानात मिळतो तो दोन-तीन औषधांचा मिश्र फवारा, उधारीवर, बोंडं आली की पैसे द्या या बोलीवर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या माणसांना कुठलं औषध, किती, कशात मिसळून, कोणत्या वाऱ्यात फवारायचं हे सांगायला सरकारी माणूस बांधावर नव्हता. तो बांध यवतमाळचा होता, पण करजणच्या बांधाची अवस्था वेगळी नाही.

कधीकाळी सरकारी माणूस बांधावर यायचा. सत्तरच्या दशकाअखेर जागतिक बँकेच्या मदतीने 'प्रशिक्षण आणि भेट' ही पद्धत देशात पसरली, गुजरातेतही आली. ठरलेल्या वारी, पंधरा दिवसांतून एकदा, ग्रामसेवकाने ठरलेल्या शेतकऱ्यांकडे जायचं आणि त्याआधी स्वतः प्रशिक्षण घेऊन यायचं. त्या पद्धतीतही दोष होते, पुढारलेल्या शेतकऱ्यांच्याच ओट्यावर भेटी संपत. पण वार ठरलेला होता. मंगळवारी माणूस आला नाही तर तो आला नाही हे गावाला कळत असे आणि जाब विचारता येत असे. आज एका ग्रामसेवकाच्या वाट्याला अनेक गावं, त्यातच निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, मेळाव्यांना गर्दी जमवण्याची जबाबदारी आणि पोर्टलवरची पडताळणी. त्याच्यावर रागावून काही होणार नाही. व्हीसीईची गोष्ट तर याहून वाईट. सगळ्या गावाचा सरकारशी दुवा म्हणून बसवलेला हा तरुण पगारी नोकरच नाही, तो अर्जामागे मिळणाऱ्या कमिशनवर जगतो. पगारासाठी राज्यभरच्या या पोरांनी संप करून पाहिले. राज्याने आपला सगळा शेतकरी-व्यवहार ज्याच्या खांद्यावर टाकला, त्याला महिन्याचा पगार द्यायला राज्य तयार नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती अपघात विम्याची. गुजरातेत खातेदार शेतकरी अपघात विमा योजना २६ जानेवारी १९९६ पासून आहे. हप्ता सरकार भरतं. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर भरपाई. पुढे खातेदाराची पत्नी किंवा पती आणि मुलं यांनाही तिच्यात घेतलं गेलं. योजना चांगली, हेतू चांगला. आता एखाद्या घरात काय होतं ते बघा. मोटर सुरू करताना शॉक लागून माणूस जातो. बाई पस्तिशीची, दोन मुलं. दिवसकार्य होतं, पाहुणे परततात, मग घेणेकरी येतात. योजनेची मुदत मृत्यूपासून १५० दिवसांची. या दिवसांत तिने पोलिसांचा जबाब, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, हक्कपत्रक, वयाचा दाखला, पेढीनामा म्हणजे वंशावळ, हे सगळं गोळा करायचं, आणि नवरा वाहन चालवताना गेला असेल तर त्याचा परवानाही शोधायचा. अशी योजना आहे हे तिला मुळात कळायला हवं, आणि तेच कुणी सांगत नाही. आमच्या भागातल्या एका बाईला ती कळली तेव्हा मुदत उलटून गेली होती. तिने मला विचारलं, 'भाई, मेल्याची नोंद करायला तलाटीकडे गेले होते, तेव्हा त्याने का नाही सांगितलं?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, आठ-अवर नाव तिथल्याच दप्तरात असतं, आणि तरी एक कागद दुसऱ्या कागदाला हाक मारत नाही.

हे होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी तेलंगणाकडे पाहावं. तिथे १५ ऑगस्ट २०१८ पासून रयतु बीमा सुरू झाला. अठरा ते एकोणसाठ वयाच्या शेतकऱ्याचा आयुर्विमा महामंडळाकडे पाच लाखांचा विमा, हप्ता सरकारचा, मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असो. वारसाचं नाव आणि खाते क्रमांक शेतकरी जिवंत असतानाच नोंदवून घेतलेला. मृत्यूनंतर दहा दिवसांत रक्कम वारसाच्या खात्यात जावी असं उद्दिष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सरकारने रयतु बंधू योजनेचे एकरी चार हजारांचे धनादेश गावोगाव नेऊन वाटले होते, अर्ज न मागवता. त्या योजनांनी कुळांना वगळलं, हा त्यांचा मोठा अन्याय. पण विधवेला कागदांच्या मागे न धावता पैसे देता येतात, एवढं त्यांनी सिद्ध केलं. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये विमा कंपन्यांना मधून काढून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने थेट सानुग्रह अनुदान सुरू केलं. मध्यस्थ गेला, पण अर्ज तसाच राहिला.

आता त्या माणसाबद्दल, जो एकाही पोर्टलवर दिसत नाही. आमच्याकडे त्याला भागिया म्हणतात. जमीन मालकाची, राबणारा तो, पिकाचा ठरलेला हिस्सा त्याचा. कानम पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या परदेशात आहेत. जमीन त्यांच्या नावावर, नांगर दुसऱ्याच्या हातात. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा कसणाऱ्याला मालक करण्यासाठी झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या काळात त्या कायद्याने लाखो कुळांना जमीन दिली. त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण त्यानंतर जमीन कसायला देणं कायद्याच्या नजरेतून लपवावं लागलं. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही, आणि कागद नाही म्हणून भागिया शेतकरी ठरत नाही. पीएम-किसान त्याला नाही, ती जमीनधारकाला. पीककर्ज नाही, म्हणून तो दुकानदाराच्या उधारीवर. २०२० मध्ये गुजरातने पंतप्रधान पीक विमा सोडून मुख्यमंत्री किसान सहाय योजना आणली. हप्ता काही नाही, नुकसान ३३ ते ६० टक्के असेल तर हेक्टरी २० हजार, ६० टक्क्यांवर गेलं तर २५ हजार, चार हेक्टरपर्यंत. पण कुणाला? आठ-अच्या खातेदाराला, आणि वनहक्क मिळालेल्याला. १७ सप्टेंबर २०२३ ला नर्मदा धरणातून सोडलेलं पाणी काठच्या गावांत शिरलं आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हाही हेच. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर अवकाळीने राज्यभर पिकं झोपवली आणि दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं, हेक्टरी २२ हजार, दोन हेक्टरपर्यंत, तेव्हाही हेच. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र जोडा, तलाट्याचा दाखला जोडा, खात्यात पैसे येतील. कुणाच्या? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या. ज्याचं बियाणं, ज्याची मजुरी, ज्याची उधारी पाण्यात गेली, त्याने मालकाच्या मर्जीकडे बघत बसायचं. काही मालक निम्मी रक्कम देतात. बरेच देत नाहीत.

बायकांचं निराळं सांगायला नको. कापूस वेचायला शेतात जा आणि हात मोजा, ते बायकांचे आहेत. मग आठ-अ उघडा आणि नावं मोजा.

'आता फार्मर रजिस्ट्री आली, सगळं ठीक होईल,' असं मला एका सुशिक्षित मित्राने सांगितलं. गुजरातेत ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी सुरू झाली, प्रत्येक शेतकऱ्याला अकरा अंकी ओळख क्रमांक. काम उपयोगी आहे, मी स्वतः लोकांना नोंदणी करायला लावली. पण ही नोंदवही उतरवून घेतली आहे ती जमिनीच्या दप्तरावरून. जुन्या दप्तरात जो नाही तो नव्यातही नाही. आणि नोंदणीसाठीसुद्धा परत शेतकऱ्यानेच रांगेत उभं राहायचं, हप्ता थांबेल या धाकाखाली. लगेच २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर आणखी एक नोंदणी आली. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरलेला, त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत आयात कापसावरचं शुल्क माफ केलेलं, बाजार पडलेला, म्हणजे महामंडळाशिवाय आधार नाही, आणि त्या आधाराच्या दारावर पुन्हा तोच आधार क्रमांक, तीच जमीन, तोच फोन. अकरा अंकी क्रमांक दिला होता तो मग कशासाठी?

या मातीत राज्यकारभार वेगळ्या पद्धतीने झालेला आहे, म्हणून मला हे जास्त बोचतं. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये सयाजीराव म्हणून बडोद्याच्या गादीवर आला. घरची भाषा मराठी, पण कारभाराची भाषा त्यांनी गुजराती ठेवली, कारण रयतेची भाषा ती होती. हुकूम आणि कायदे 'आज्ञापत्रिके'त छापून रयतेपर्यंत नेले. १९०६ पासून संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, १९१० नंतर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. १९३२ मध्ये कोसंब्याला ग्रामसुधारणेचं केंद्र उघडलं, ते खेड्यात. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधला भाग सयाजीरावांना ऐकवला होता. कागदाच्या जोरावर शेतकऱ्याला नागवणाऱ्या दप्तरशाहीची त्यात जी चिरफाड आहे ती या राजाने बसून ऐकून घेतली. मी त्या काळाची आरती ओवाळत नाही. संवत छप्पनच्या दुष्काळात याच संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या २४ लाखांवरून १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. पण पुस्तकाची पेटी बैलगाडीतून गावात नेता येत होती, आणि आज प्रत्येक खात्याच्या दाराशी जीप असताना मंजूर अर्जांची यादी गावच्या भिंतीवर लागत नाही.

ती लागली पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून सांगतं की अनुदान कुणाला दिलं हे कुणी न विचारता जाहीर करा. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गुजरातीत, मोठ्या अक्षरांत, कोणाचा अर्ज मंजूर, कोणाचा नामंजूर आणि का, हे दर महिन्याला लिहा. मृत्यूची नोंद होताच अपघात विम्याची फाईल तलाट्याने उघडावी आणि विधवेच्या घरी जाऊन सही घ्यावी, १५० दिवसांची मुदत तिच्यावर न ठेवता खात्यावर ठेवावी. आठ-अ आणि आधारमधल्या नावाचा फरक ज्यांनी दोन्ही कागद दिले त्यांनीच मिटवावा. ग्रामसेवकाचा वार परत ठरवा आणि त्या वारी त्याला दुसरं काम देऊ नका. व्हीसीईला पगार द्या.

आणि भागियाला कागद द्या. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदा करून अकरा महिन्यांचं कार्ड सुरू केलं, ज्याने जमिनीच्या मालकीला धक्का लागत नाही पण कर्ज, विमा आणि भरपाई कसणाऱ्याला मिळू शकते. त्यात मालकाची सही लागते, म्हणून तिथेही अनेकांना कार्ड मिळालं नाही. ती चूक इथे करू नका. कोणतं शेत कोण कसतो हे गावात लहान पोरालाही माहीत असतं, तेव्हा मालकाच्या सहीची अट काढा आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा माना. १९४८ चा कायदा गुजरातला आणि पश्चिम महाराष्ट्राला एकाच मुंबई प्रांतातून मिळाला आहे. हा बदल गांधीनगरने करावा आणि मुंबईनेही करावा.